पाच रेघा, चार हायकू

आमच्या हायकू-मंडळात वाचता येईल असं अक्षर फक्त माझं होतं, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. कुराशिना डॉक्टर दातांचे. त्यांचं अक्षर औषधाच्या दुकानदाराशिवाय कुणाला लागत नसे. इगाराशी आयुष्यभर पोस्टमन. दुसऱ्यांची अक्षरं लावण्यात जन्म गेला, पण स्वतः लिहायला बसला की कोंबडीनं उकरल्यासारखं. मुराकोशी मास्तर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, त्यांच्या तीन ओळींत दोन तरी आकडे असायचे आणि सात कुठला, एक कुठला, हे देवाला ठाऊक. राहता राहिले मी, तोफू विकणारी त्सुने.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी माझ्या दुकानाच्या माडीवर आम्ही आठ-नऊजण जमायचो. प्रत्येकानं तीन चिठ्ठ्यांवर तीन हायकू लिहून पेटीत टाकायचे, नाव न घालता. मी ते सगळे कोऱ्या कागदांवर उतरवून काढायची, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखू नये. मग कागद हातोहात फिरायचे. आवडलेले तीन ज्यानं त्यानं निवडायचे, डॉक्टर ते मोठ्यानं वाचायचे आणि ज्याचा असेल त्यानं लगेच आपलं मंडळातलं नाव पुकारायचं. स्वतःचा स्वतः निवडायचा नाही, हे कुणी कुणाला सांगायची गरजही नसते. कुठला कुणाचा हे आधी फक्त मला ठाऊक, आणि माझ्या तोंडाला कुलूप. मास्तरांचं नाव होतं शिझुकु, म्हणजे थेंब. माझं ओकारा, म्हणजे तोफू करताना फडक्यात उरतो तो सोयाबीनचा चोथा. नाव मीच घेतलं होतं, दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत.

मास्तर आमच्याच गल्लीतले. वडील छत्र्या करायचे, बांबूच्या काड्यांवर तेलकागद ताणून. नवी छत्री गळते का ते बघायचं काम लहानग्या तेत्सुरोकडे, म्हणजे आमच्या मास्तरांकडे. अंगणात छत्री उघडून धरायची आणि भाऊ वरून पाणी ओतायचा. भाऊ कंटाळून निघून गेला तरी हा काडीच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबाकडे बघत उभा. थेंब लांबतो, मानेपाशी बारीक होतो, तुटतो. आणि तुटताना मधल्या मध्ये आणखी एक इवलासा थेंब सुटतो. तो का सुटतो, हे कोडं त्यांना आठव्या वर्षी पडलं. पुढं तोक्योला शिकले. तिथंच मोठ्या प्रयोगशाळेत राहता आलं असतं, पण वडील अंथरुणाला खिळले आणि हे आमच्या गावी, ताकादाला परत आले. कॉलेजाच्या तळघरात एक नळ, एक दिवा आणि एक कॅमेरा लावला आणि त्या इवल्या थेंबामागे लागले.

एकोणीस वर्षं लागली. लढाईच्या काळात लष्कराचा एक अधिकारी तळघरात आला, नळाकडे बघून म्हणाला, "याचा उपयोग काय?" मास्तर म्हणाले, "अजून तरी काही नाही." अधिकाऱ्यानं त्यांना विमानाच्या काचेवर धरणाऱ्या बर्फाच्या कामाला जुंपलं. लढाई संपली, परदेशी मासिकं पुन्हा यायला लागली, तेव्हा कळलं की स्वीडनमधल्या कुणा गृहस्थानं ते कोडं सोडवून सहा वर्षांपूर्वीच छापून टाकलं होतं. त्या रविवारी मास्तर माडीवर आले, मी केलेली चोथ्याची भाजी खाल्ली आणि म्हणाले, "त्याचं आणि माझं उत्तर एकच आलंय. म्हणजे बरोबर असणार." पुन्हा तो विषय काढला नाही. लढाईवर गेलेला माझा नवरा लुझॉनहून परत आला नव्हता, त्यामुळे दुःखाचा मक्ता माझ्याकडेच आहे असं मला तेव्हा वाटायचं. पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना. जिना उतरताना ते प्रत्येक पायरीवर थांबत होते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच उद्योग घरी मांडला. त्यांची बायको हात्सुएवहिनी एकदा तोफू घेताना म्हणाली, "लग्न होऊन चौतीस वर्षं झाली, माझ्या घरातला नळ पूर्ण बंद झालेला मी बघितलेला नाही." ती हसली नाही. रोज सकाळी भांडं घेऊन यायची आणि एक अख्खा तोफू घेऊन जायची, दोघांना पुरेल एवढा.

मग एका हिवाळ्यात मास्तर स्वतःच भांडं घेऊन आले. तोफू घेऊन गेले. तासाभरानं परत आले आणि पुन्हा मागितला. मला वाटलं पाहुणे आले असतील. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी वहिनी आली, डोळ्यांखाली काळं, हातमोजेही घालायची विसरलेली.

"त्सुनेबाई, दुसऱ्यांदा आले तर नाही म्हणू नका. द्या. आम्ही खातो दोन्ही वेळा तेच."

"बरं नाही का त्यांना?"

"विसरतात. छत्री विसरतात, गल्ली विसरतात. परवा मला विचारलं, नळ कुणी चालू ठेवला?" तिनं भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "त्यांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. तुमच्या माडीवर काही चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. चारचौघांत कळलं तर ते तिथं यायचे बंद होतील. आणि ते बंद झालं की नुसते नळासमोर बसून राहतील. मग मला एकटीला नाही हो जमणार."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला माझ्याकडे होतं काय?

फेब्रुवारीच्या बैठकीत ते घडलं. डॉक्टरांनी मास्तरांची निवड वाचली:

"पागोळ्या थांबल्या.
मोजणारा मात्र
अजून मोजतोय."

"कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं. कुणी बोलेना. मास्तर कौतुकानं एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. हायकू त्यांचाच होता. मी तासाभरापूर्वी स्वतःच्या हातानं उतरवलेला. तसं मी सांगायचीही गरज नव्हती. पागोळ्या मोजत बसणारा दुसरा माणूस आमच्या मंडळातच काय, साऱ्या ताकादात नव्हता. इगाराशीनं मान खाली घातली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "कुणाचा आहे?"

"ओकारा," मी म्हणाले.

मंडळाच्या बैठकीत खोटं नाव पुकारणं म्हणजे काय, ते आमच्यातल्या माणसालाच कळेल. माझे कान तापले. मास्तर मात्र खुलले. "त्सुनेबाई! तुम्ही काय मोजत होतात?"

"सोयाबीन," मी म्हणाले. "दुसरं काय मोजणार मी?"

"फारच छान. शेवटची ओळ तर... मला सुचायला हवी होती."

त्या दिवसापासून माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. दर महिन्याला मास्तर आपलाच एक हायकू निवडायचे आणि मी 'ओकारा' म्हणून पुकारायची. मार्च, एप्रिल, मे. त्यात एकही माझ्या अंगाला बसणारा नव्हता. जूनमध्ये तर कहर झाला:

"दुपारची झोप.
चष्मा नाकावर,
माशी चष्म्यावर."

"ओकारा," मी दात आवळून म्हणाले.

"त्सुनेबाई, चष्मा कधी लागला तुम्हाला?" इगाराशी म्हणाला. सगळं माहीत असूनही त्याला राहवलं नाही मेल्याला.

"तुझं अक्षर वाचून वाचून लागला."

डॉक्टर खाली दुकानात येऊन भांडले. "हे खोटं आहे. मंडळाची पुस्तिका निघायची आहे. त्या माणसाचे हायकू मी तुमच्या नावानं छापू?"

"छापा. नाहीतर त्यांना जाऊन सांगा की तुमचं डोकं चालत नाही. जमेल तुम्हाला?"

डॉक्टरांना जमलं नाही. जुलैत पुस्तिका छापून आली आणि ओकारा नावाखाली मास्तरांचे पाच हायकू गेले. लोक माझं अभिनंदन करायचे. मी इतकी थकले होते, की आभारसुद्धा मानायला लागले.

ऑगस्टच्या एका सकाळी मास्तर दुकानात आले. भांडं नव्हतं, हातात फडक्यात बांधलेली वही होती.

"बसू का?"

"बसा की. स्टूल ओलं आहे, पुसते."

"राहू द्या. पाण्याची सवय आहे मला." त्यांनी वही उघडली. "हे बघा. चार फेब्रुवारी. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. शून्याखाली दोन अंश. खाली पागोळ्यांचा हायकू. अक्षर माझं." मग खिशातून मंडळाची पुस्तिका काढली. "आणि इथं तोच, ओकारा."

माझे हात तोफूच्या हौदात होते. मी ते तिथंच ठेवले.

"याची दोनच कारणं संभवतात," ते वर्गात शिकवावं तसं म्हणाले. "एक, तुम्ही माझा हायकू चोरलात. आणि दुसरं..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

"चोरला," मी म्हणाले. "चिठ्ठ्या माझ्या हातात येतात. मोह झाला. काय करायचं ते करा."

"पाचही?"

"पाचही."

"चष्म्यावरच्या माशीचासुद्धा?"

मी हौदातला एक तोफू उगाच बाजूला सरकवला.

"त्सुनेबाई, चोर निवडून चोरतो हो. माशीचा हायकू इतका भिकार आहे, की तो मीसुद्धा चोरला नसता."

"पण निवडलात तर तुम्हीच ना तो!" माझ्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

 मास्तरांनी वही मिटली आणि फडक्याची गाठ मारायला लागले. गाठ बसेना. मी हात पुसून मारून दिली.

"म्हणजे दुसरं कारण," ते म्हणाले. "अंदाज होता. आपलं दुसऱ्याच्या नावावर छापून यायची माझी ही दुसरी वेळ. पहिल्या वेळीही कुणी चोरलं नव्हतं."

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, "मग आता काय, येणार नाही का तुम्ही?"

"येईन. पण एक करा. पुढच्या वेळी माझा मी निवडला तर मध्ये पडू नका. कुणीच पडू नका. डॉक्टर विचारतील आणि कुणी बोलणार नाही, त्यावरून मला कळेल. मी माझं नाव सांगेन आणि वहीत एक रेघ मारीन. किती वेगानं चाललंय ते तरी समजेल. माझ्याकडे मोजायला आता एवढंच उरलंय, ते बिघडवू नका."

"बरं."

"आणि मला कळलंय हे हात्सुएला सांगू नका. फार दमली आहे ती. मला ठाऊक नाही या समजुतीवर तिचा दिवस निघतो."

नवऱ्याला कळू देऊ नका असं बायको सांगून गेलेली, बायकोला कळू देऊ नका असं नवरा सांगून गेला. मी तोफू विकायचा की या दोघांची गुपितं? त्या दिवशी माझ्याकडून आठ तोफू मोडले.

सप्टेंबरच्या बैठकीत मास्तरांनी आपलाच हायकू निवडला. डॉक्टरांनी वाचला, विचारलं, आणि माडीवर शांतता पसरली. मी सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं. खालून शिंपले विकणाऱ्याची हाक आली आणि गेली. इतकी थकवणारी शांतता मी उभ्या जन्मात ऐकली नाही. शेवटी मास्तरांनी पेन्सिल उचलली. "शिझुकु," ते म्हणाले. "माफ करा. माझाच आहे." आणि वहीत रेघ मारली.

"असू द्या मास्तर," इगाराशी म्हणाला, "तुमच्या हायकूला एक तरी चाहता मिळाला."

मास्तर हसले, इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवशी मी इगाराशीला जाताना एक तोफू फुकट दिला.

ऑक्टोबरात एक रेघ. नोव्हेंबरात एक. डिसेंबरात एक. चौथ्या वेळी शांतता फार लांबली, कारण शांततेचा अर्थ काय हेच त्यांना चटकन आठवेना. वहिनी दुकानात खाली त्यांची वाट बघत बसायची, कारण मास्तरांना एकट्यांना आता घर सापडत नव्हतं. भट्टीपाशी बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. मी तिच्या अंगावर पोतं टाकायची.

जानेवारीत बर्फ माडीच्या खिडकीला लागलं होतं. त्या पहाटे हौदातून तोफू काढताना मला एक हायकू सुचला होता, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं होतं, की हा खरा आहे. मी तो कुणालाच न सांगता पेटीत टाकला. कागद फिरले. निवडी वाचून होत आल्या, माझा कुणी घेतला नव्हता. शेवटी डॉक्टरांनी मास्तरांची निवड उचलली.

"हात बाहेर काढला
तरी थंड पाण्यात
तोफू हलतोच आहे."

चौदा वर्षांत मास्तरांनी माझा, खरोखर माझा, एकही हायकू निवडला नव्हता. डॉक्टरांचा आवाज चांगला होता, आणि माझ्या ओळी त्या आवाजात मला माझ्या वाटेनात, इतक्या चांगल्या वाटल्या. "कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं. मी अजून त्या ओळी मनात घोळवत होते. दोन-तीन श्वासांचा वेळ गेला असेल. तेवढ्यात मास्तरांनी पेन्सिल उचलली होती.

"शिझुकु," ते म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तोफूचा हायकू, तो कुणाचा असणार हे त्यांना कळलं होतं. इगाराशीनंही बघितलं. मी अजून सांगू शकत होते. मास्तर कागद डोळ्यांजवळ धरून ओठांतल्या ओठांत त्या तीन ओळी पुन्हा वाचत होते.

"त्सुनेबाईंच्या दुकानात उभा असताना दिसलं असणार मला," ते हळूच म्हणाले. "लिहिलेला आठवत नाही. पण चांगला आहे. हात काढल्यावरही हलतं, हे बरोबर टिपलंय. अजून जमतंय म्हणजे मला."

त्यांचा चेहरा इतका हलका मी स्वीडनच्या त्या बातमीआधीसुद्धा बघितला नव्हता. आणि मला त्यांचा राग आला, अगदी खरा राग. माझा एकुलता एक चांगला हायकू होता तो. पाच भिकार-चांगले माझ्या गळ्यात घातलेत, आता हा एक तरी ठेवा माझ्याकडे, असं ओरडावंसं वाटलं. त्यांचं मोजमाप बिघडवणार नाही असा शब्दही मी दिला होता.

मी कागद गोळा करायला लागले. वहीत पाचवी रेघ पडली.

खाली उतरल्यावर मास्तरांनी वहिनीला हलवून जागं केलं. "हात्सुए, आज एक जमला." ती झोपेत होती, तरी हसली.

मास्तर मे महिन्यात गेले, न्यूमोनियानं. शेवटचे दोन महिने त्यांना थेंब आणि हायकू दोन्ही आठवत नव्हते. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या श्राद्धाला येणाऱ्या पाहुण्यांना वाटायला त्यांच्या हायकूंची लहानशी पुस्तिका करायची असं वहिनीनं ठरवलं. डॉक्टरांनी ओकाराच्या नावावरचे पाचही परत शिझुकुच्या नावावर केले, माशीच्या हायकूसकट. मला हायसं वाटलं.

त्या आधीच्या आठवड्यात वहिनी सकाळी दुकानात आली. हातात भांडं होतं आणि काखेत ती वही.

"मला एक हिशेब लागत नाही," ती म्हणाली. "शेवटच्या पानावर पाच रेघा आहेत. प्रत्येक रेघेपुढं तारीख आहे. चार तारखांचे चार हायकू वहीत सापडले, त्यांच्या अक्षरात. जानेवारीच्या रेघेभोवती त्यांनी गोल काढलाय आणि लिहिलंय, 'चांगला'. पण तो हायकू वहीत कुठंच नाही. डॉक्टरांनी मला तो म्हणून दाखवला. तोफूचा."

माझे हात हौदात होते. "लिहायचा विसरले असतील," मी म्हणाले. "शेवटी शेवटी विसरतच होते ना."

वहिनीनं माझ्या हातांकडे बघितलं. पाण्यानं पांढरे पडलेले, बोटांना भेगा गेलेले हात.  थेंब मोजणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढलेली बाई, तिला बघता येत होतं. मग तिनं वही मिटली.

"त्यांच्या नावानं छापू ना?"

"छापा."

तिनं वाकून नमस्कार केला, इतकी खाली, की मला लाज वाटली. मग भांडं पुढं केलं. मी सवयीनं त्यात अख्खा तोफू सोडला.

"अर्धाच द्या," ती म्हणाली.